रक्तातील पेशींची लस : कर्करोगोपचारातील एका विचाराची ओळख

प्रतिवर्षी या अहवालात जमाखर्चाच्या व रुग्णसंख्येच्या तक्त्यांबरोबर एखाद्या वैद्यकीय विषयाची सविस्तर ओळख करून देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा विषय निवडण्याचे श्रम आम्हांस पडले नाहीत. तो रुग्णांच्या नातेवाइकांनीच आमच्यापुढे आणून ठेवला.

पावसाळ्याच्या सुरुवातीस एक तरुण शेतकरी आमच्या समाजसेवा विभागात आला. त्याच्या आईस अंडाशयाचा कर्करोग होता. शस्त्रक्रिया झाली, दोन वेळा रसायनोपचार झाले, तरीही आजार उलटला होता. तरुणाच्या खिशात घडी घालून ठेवलेले एक रंगीत पत्रक होते. रुग्णाच्याच रक्तातील पेशी काढून त्यांपासून 'कर्करोगाची लस' तयार केली जाते, ती टोचल्याने दुष्परिणाम होत नाहीत, असे त्यात छापले होते. खर्चाचा आकडा काही लाखांचा होता. त्याने आमच्या समाजसेविकेस विचारले, "ताई, दोन एकर विकायला काढले तर भागेल. काढू का?"

या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत देता आले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पत्रकातील सर्वच मजकूर खोटा असता तर ते सोपे होते. अडचण अशी की, त्यामागचे शास्त्र खरे आहे, त्यावर जगातील उत्तमोत्तम प्रयोगशाळांनी पन्नास वर्षे परिश्रम केले आहेत, त्यातील एका शोधास नोबेल पारितोषिकही मिळाले आहे. आणि तरीही पत्रकात दिलेले आश्वासन खरे नाही. शास्त्र व आश्वासन यांमधील हे अंतर समजावून सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे. आमच्या देणगीदारांनाही तो उपयोगी पडेल, कारण त्यांच्यापैकी काहींनी याच उपचारासाठी स्वतंत्र निधी उभारावा अशी सूचना केली आहे. तिचा विचार शेवटी केला आहे.

प्रथम 'लस' या शब्दाविषयी. आपल्याकडे हा शब्द देवीच्या रोगाशी जोडलेला आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली, ती हिंदुस्थानातील पहिली. तेव्हापासून लस म्हणजे निरोगी माणसास रोग होऊ नये म्हणून आधी टोचून घेण्याची वस्तू, असा अर्थ आपल्या मनात रुजला. या अर्थाने कर्करोगाच्या लसी आज खरोखरच उपलब्ध आहेत. कावीळ-ब ची लस यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण दूर करते. मानवी पॅपिलोमा विषाणूवरील लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करते. या दोन्ही लसी विषाणूंवरील आहेत. विषाणू शरीरात ठरला नाही की पुढचा कर्करोगही टळतो, एवढेच त्यांचे तत्त्व आहे.

पत्रकातील लस मात्र वेगळ्या जातीची. ती ज्यास रोग झालेला आहे त्यास द्यावयाची असते. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेस शत्रूची ओळख नव्याने पटवून देणे हे तिचे काम. डिसेंबर २०२४ मध्ये रशियातून कर्करोगाच्या लशीची बातमी आली आणि आमच्या बाह्यरुग्ण विभागात महिनाभर त्याच चौकशा चालू होत्या. ती बातमीही या दुसऱ्या जातीच्या लशीची होती, हे बहुतेकांच्या लक्षात आले नव्हते. लहान मुलांस टोचून घ्यावी का, असे आम्हांस विचारले गेले.

आता शत्रूची ओळख पटवून देण्याची वेळ का यावी? क्षयाचा जंतू अथवा गोवराचा विषाणू हा परका असतो. त्याच्या अंगावरील प्रथिने आपल्या शरीरात कोठेही नसतात, म्हणून तो लवकर ओळखू येतो. कर्करोगाची पेशी ही आपलीच, बिघडलेली पेशी. तिची बहुतेक प्रथिने शेजारच्या निरोगी पेशीसारखीच असतात. शरीराच्या संरक्षक पेशींना तर लहानपणापासून शिकवण अशी की, आपल्यांवर शस्त्र चालवायचे नाही. ही शिकवण सैल झाली की संधिवातासारखे आजार होतात. तेव्हा घरातला बिघडलेला माणूस घरच्या पहारेकऱ्यास ओळखू येत नाही, आणि आला तरी पहारेकरी कचरतो, अशी ही स्थिती आहे. त्यात कर्करोगाची गाठ आपल्याभोवती असे काही रासायनिक संदेश पसरविते की, जवळ आलेला पहारेकरीही सुस्तावतो.

पहारेकऱ्यांना खबर देणारे जासूद शरीरात असतात. १८६८ मध्ये बर्लिन येथे वैद्यकाचा विद्यार्थी असताना पॉल लँगरहान्स याने त्वचेत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असे त्यास वाटले. त्याच कुळातील पेशींचे खरे काम समजण्यास शंभर वर्षे लागली. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोहन यांनी उंदराच्या प्लीहेतील अशाच शाखायुक्त पेशींचे वर्णन केले आणि त्यांना डेन्ड्रिटिक पेशी हे नाव दिले. या पेशी शरीरभर फिरतात, वाटेत आढळलेला मृत पेशींचा व जंतूंचा कचरा गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे आपल्या अंगावर मांडून लसिकाग्रंथींत जातात. तेथे टी-पेशी नावाचे सैनिक बसलेले असतात. जासूद त्यांना तुकडा दाखवितो व त्याबरोबर, हा धोक्याचा आहे की नाही, हेही सांगतो. धोक्याची खूण मिळाली तरच सैन्य निघते. खूण मिळाली नाही तर तोच तुकडा 'आपला' म्हणून सोडून दिला जातो. लशीचे सारे रहस्य या एका भेटीत आहे.

स्टाइनमन यांची पुढील हकीकत येथे सांगितल्याखेरीज राहवत नाही. २००७ मध्ये त्यांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. त्यांनी रसायनोपचार घेतले, आणि त्याबरोबर आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःच्या गाठीचा अंश व स्वतःच्या डेन्ड्रिटिक पेशी वापरून तयार केलेल्या प्रायोगिक लसीही घेतल्या. या रोगात सहसा जितके आयुष्य लाभते त्याहून पुष्कळ अधिक, सुमारे साडेचार वर्षे, ते जगले. ३० सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले. तीनच दिवसांनी, ३ ऑक्टोबर रोजी, नोबेल समितीने त्यांचे नाव जाहीर केले. निधनाची वार्ता समितीपर्यंत पोहोचली नव्हती. मृत व्यक्तीस पारितोषिक न देण्याचा नियम असतानाही, निर्णय सद्भावनेने झाला होता म्हणून तो कायम ठेवण्यात आला. लशीने त्यांचे आयुष्य वाढले काय? त्यांची तशी श्रद्धा होती. परंतु एका रुग्णावरून हे ठरविता येत नाही, आणि हे त्यांच्याइतके चांगले कोणास ठाऊक असणार! पत्रके छापणारे मात्र ही हकीकत पुरावा म्हणून छापतात.

जासूद व सैनिक यांची ओळख झाल्यावर मूळ कल्पनेकडे वळू. जनुक म्हणजे अमुक एक प्रथिन कसे बनवावे याविषयी पेशीस दिलेला लेखी हुकूम. रुग्णाच्या गाठीतून पांढऱ्या पेशी काढाव्यात, प्रयोगशाळेत त्यांच्या अंगी एक नवा हुकूम घालावा आणि त्या पुन्हा त्याच रुग्णाच्या शिरेत सोडाव्यात, हे मे १९८९ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसात प्रथमच करून दाखविले. त्या वेळी घातलेला जनुक केवळ खुणेचा होता. पेशी शरीरात कोठे जातात व किती टिकतात हे पाहण्यासाठी. हुकूम पेशीत पोहोचविण्यासाठी अपाय करण्याची शक्ती काढून टाकलेला विषाणू वापरतात, कारण परक्या पेशीत आपले जनुक घुसविण्याची कला विषाणूस निसर्गतःच अवगत आहे.

या पेशींचा लशीसारखा उपयोग करण्याची कल्पना मात्र एका अपयशातून निघाली. इटलीत मिलान येथील सान राफेले संस्थेत क्लाउडिओ बोर्डिन्योन, किआरा बोनिनी आदी डॉक्टर रक्ताच्या कर्करोगावर काम करीत होते. अस्थिमज्जा रोपणानंतर दात्याच्या लसिकापेशी रुग्णास दिल्या तर त्या उरलेल्या कर्करोगावर हल्ला करतात; पण कधी कधी त्या रुग्णाची त्वचा, आतडी व यकृत यांवरही तुटून पडतात. या पेशी हाताबाहेर गेल्या तर त्यांना नष्ट करता यावे म्हणून या डॉक्टरांनी त्यांच्यात नागीण-वर्गातील एका विषाणूचा जनुक घातला. हा जनुक असलेली पेशी एका ठरावीक औषधाने मरते. जणू घोड्यास लगाम घातला. १९९७ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले आणि लगाम चालतो हे सिद्धही झाले. परंतु काही रुग्णांत निराळेच घडले. औषध न देताही या पेशी नाहीशा होऊ लागल्या. शोध घेता असे दिसले की, विषाणूच्या त्या प्रथिनाविरुद्ध रुग्णाच्या शरीरात कडक प्रतिकार उत्पन्न झाला होता आणि शरीराने आपल्याच मदतीस आलेल्या पेशी वेचून मारल्या होत्या.

दुसरे कोणी असते तर ही अडचण म्हणून नोंदवून पुढे गेले असते. मिलानच्या मंडळींनी उलट प्रश्न विचारला. लसिकापेशीत घातलेल्या एका परक्या प्रथिनाविरुद्ध शरीर इतके जागृत होत असेल, तर त्या प्रथिनाच्या जागी कर्करोगाचे प्रथिन घातले तर? व्हिन्सेन्झो रुस्सो व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कर्करोगाचे प्रथिन बनविणाऱ्या लसिकापेशी शिरेतून दिल्या असता त्या आपल्या स्वभावानुसार लसिकाग्रंथींकडेच जातात. तेथे डेन्ड्रिटिक पेशी त्यांना गिळतात आणि गिळलेले प्रथिन टी-पेशींस दाखवितात. म्हणजे खबर जासुदाच्या चौकीवर थेट घरपोच! शिवाय डेन्ड्रिटिक पेशी रक्तात फार थोड्या असतात व त्या वाढविणे कष्टाचे असते; लसिकापेशी मुबलक मिळतात, वाढतात आणि गोठवून ठेवता येतात. कल्पना किती सुबक होती, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

त्यानंतर २००९ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाच्या थोड्या रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. या रुग्णांच्या स्वतःच्या लसिकापेशींत मेज-ए-३ नावाच्या प्रथिनाचा जनुक घालण्यात आला होता. हे प्रथिन अनेक प्रकारच्या गाठींत आढळते. निरोगी प्रौढ शरीरात मात्र वृषणाखेरीज बहुधा नसते, म्हणून निशाणा म्हणून ते सोयीचे वाटले. उपचार निर्धोक ठरला. काही रुग्णांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्धच्या टी-पेशी वाढल्या. तथापि 'रक्तात प्रतिकार दिसणे' आणि 'गाठ विरघळणे' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सैन्य निघाले, एवढेच पहिल्यावरून कळते. किल्ला पडला की नाही, हे निराळे पाहावे लागते. या लसिकापेशींच्या लशीचे पुढे रोजच्या वापरातील औषध झाले नाही.

मेज-ए-३ची पुढील कथा अधिक कडवट आहे आणि पत्रकांत ती कधीच नसते. याच प्रथिनाची, पेशींविना तयार केलेली लस एका मोठ्या औषध कंपनीने मेलानोमाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तपासली. फुप्फुसाच्या तपासणीत दोन हजारांहून अधिक रुग्ण होते. २०१३ व २०१४ मध्ये दोन्ही तपासण्यांचे निकाल आले. लस घेतलेले व न घेतलेले यांत फरक दिसला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात, मेज-ए-३ वर तुटून पडतील असे टी-पेशींचे शस्त्रच जनुकबदलाने धारदार करण्यात आले. २०१३ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पहिले दोन्ही रुग्ण काही दिवसांतच हृदयाच्या आघाताने दगावले. त्यांच्या हृदयात मेज-ए-३ नव्हते. स्नायूंत असणाऱ्या टायटिन नावाच्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा मेज-ए-३च्या तुकड्यासारखा दिसत होता, आणि धार लावलेल्या पेशींनी हृदयालाच शत्रू मानले. 'रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी, म्हणून दुष्परिणाम शून्य' हे वाक्य वाचले की आम्हांस या दोन रुग्णांची आठवण होते.

अन्य पेशीलसींचे वृत्त थोडक्यात देतो. गाठीच्याच पेशींत प्रतिकार चेतविणारा जनुक घालून केलेली लस १९९३ मध्ये उंदरांत अत्यंत आशादायक ठरली होती. त्याच तत्त्वावरील पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या लशीच्या दोन मोठ्या तपासण्या २००८ मध्ये थांबवाव्या लागल्या. एकीत लस घेतलेल्यांचे मृत्यू अधिक दिसले होते. मूत्रपिंडाच्या कर्करोगात गाठीतील आरएनए भरलेल्या डेन्ड्रिटिक पेशींची मोठी तपासणी २०१७ मध्ये निष्फळ ठरली. एक पेशीलस मात्र परीक्षेत उतरली. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी सिप्युल्युसेल-टी हिला २०१० मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला. तिच्यात जनुकबदल नसतो. पेशींस बाहेर एक प्रथिन चारून परत देतात. ५१२ पुरुषांच्या तपासणीत लस न घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान २१.७ महिने व घेतलेल्यांचे २५.८ महिने भरले. म्हणजे सुमारे चार महिन्यांचा लाभ. गाठी सहसा लहान झाल्या नाहीत. किंमत ९३ हजार डॉलर होती, आणि ती बनविणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. चार महिने म्हणजे काहीच नव्हे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरी लग्नकार्य ठरलेले असते त्यास चार महिन्यांचे मोल विचारावे. पण पत्रकात जे सुचविले जाते ते हे नव्हे.

येथवर वाचून देणगीदार निराश झाले असतील, तर आता उजळ बाजू सांगतो. ज्या जनुकबदल केलेल्या पेशी लस म्हणून फारशा चालल्या नाहीत, त्या सैनिक म्हणून चालल्या. लशीत आपण खबर पाठवितो व शरीराने सैन्य उभारावे अशी अपेक्षा करतो. कार-टी उपचारात सैन्यच बाहेर सज्ज करून पाठवितात. १९८९ मध्ये इस्राएलमधील वाइझमन संस्थेत झेलिग एशहार यांनी टी-पेशीवर एक कृत्रिम ग्राहक बसविण्याची युक्ती मांडली. तो ग्राहक जासुदाची वाट न पाहता शत्रूच्या अंगावरील खूण थेट पकडतो. बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगांत सीडी-१९ ही खूण जवळजवळ नेहमी असते. निरोगी बी-पेशींवरही ती असते, पण त्यांच्याविना माणूस सांभाळता येतो.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे कार्ल जून यांच्या गटाने २०१० पासून प्रौढ रुग्णांवर आणि २०१२ मध्ये सहा वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार केला. त्या मुलीस इतका तीव्र ज्वर व रक्तदाबाची पडझड झाली की ती वाचेल असे वाटेना. तपासणीत इंटरल्युकिन-६ हे रसायन रक्तात प्रचंड वाढलेले आढळले. जून यांच्या कन्येस संधिवात होता व त्यावरील एक औषध नेमके याच रसायनावर चालते, हे त्यांना ठाऊक होते. ते औषध देताच मुलगी सावरली, आणि तिचा रक्ताचा कर्करोगही गेला. आज कार-टी देणाऱ्या प्रत्येक विभागात ते औषध आधी आणून ठेवतात, मगच पेशींची पिशवी लावतात. २०१७ मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला. किंमत ठरली ४ लाख ७५ हजार डॉलर.

हा उपचार आता आपल्या राज्यात होतो, ही अभिमानाची गोष्ट. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत राहुल पुरवार व सहकाऱ्यांनी देशी कार-टी पेशी तयार केल्या, आणि ४ जून २०२१ रोजी टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील आवारात पहिल्या रुग्णास त्या देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावाने त्यांना केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते मुंबईत त्यांचे लोकार्पण झाले. ६४ रुग्णांवरील अभ्यासाचा अहवाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा परिणाम तपासता आला त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचारास प्रतिसाद दिला. हे सर्व असे रुग्ण होते की ज्यांचा आजार आधीच्या उपचारांना दाद देईनासा झाला होता. प्रतिसाद दिलेल्यांपैकी काहींचा आजार पुढे परतला, हेही नमूद करणे आवश्यक आहे. सुरुवातीस खर्च तीस ते चाळीस लाखांच्या आसपास सांगितला गेला. अमेरिकेच्या मानाने तो दशांश. आमच्या रुग्णांच्या मानाने तो कल्पनेपलीकडचा.

नातेवाइकांनी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. नेक्सकार-१९ हा बी-पेशींच्या रक्तकर्करोगावरचा व लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरचा उपचार आहे, आणि तोही पंधरा वर्षे व त्यापुढील वयाच्या रुग्णांस, इतर उपचार हरल्यानंतर. मुखाच्या, स्तनाच्या, अंडाशयाच्या अथवा जठराच्या कर्करोगासाठी तो नाही. घट्ट गाठींत सर्व पेशींवर सारखी असणारी व निरोगी अवयवांवर नसणारी खूण सापडणे दुर्घट आहे. टायटिनची कथा वर आलीच. शिवाय उपचारानंतर जंतुसंसर्ग, मेंदूवरील तात्पुरते परिणाम आणि क्वचित टी-पेशींचाच नवा कर्करोग होऊ शकतो; या शेवटच्या धोक्याची सूचना अमेरिकी नियंत्रकांनी २०२४ मध्ये सर्व कार-टी औषधांवर छापावयास लावली.

लशीचा विचारही संपलेला नाही. मेलानोमाच्या १५७ रुग्णांच्या एका तपासणीत, प्रत्येक रुग्णाच्या गाठीतील बिघाड वाचून बनविलेली आरएनए लस प्रचलित औषधाबरोबर दिली असता, रोग परतण्याचा अथवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. मोठ्या तपासण्या हाती घेतलेल्या आहेत. जर्मनीत तर कार-टी पेशी दिल्यानंतर त्यांना शरीरात वाढविण्यासाठी वरून लस देण्याचा प्रयोग झाला आहे. म्हणजे सैनिक आणि जासूद यांची पुन्हा गाठ घालून देण्याचा हा प्रयत्न. मिलानच्या डॉक्टरांचा तो उलटा प्रश्न वेगळ्या वेषात पुन्हा पुढे आला आहे, असे आम्हांस वाटते.

आता व्यवहाराकडे. कोणी पेशींची लस देऊ केली तर नातेवाइकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. या आजारासाठी तिला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आहे काय, असल्यास कागद दाखवावा. परवानगी नसून प्रयोग असेल, तर तो भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चाचणी-नोंदवहीत नोंदलेला आहे काय; ही नोंदवही कोणासही संगणकावर विनामूल्य पाहता येते आणि आमचा समाजसेवा विभाग ती पाहून देतो. आणि प्रयोगच असेल, तर पैसे का मागता? ज्या औषधाचा गुण अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे, ते रुग्णाच्या शरीरावर तपासायचे आणि मोलही त्याच्याकडूनच घ्यायचे, हे आम्हांस नीतीला धरून वाटत नाही. त्या तरुणाने हे तीन प्रश्न पत्रकावरील दूरध्वनी क्रमांकावर आमच्यासमोरच विचारले. पहिल्या दोन प्रश्नांस समोरून उत्तर आले नाही. तिसऱ्यास उत्तर आले ते असे की, या आठवड्यात निर्णय घेतल्यास रकमेत सूट मिळेल.

स्वतंत्र निधीच्या सूचनेविषयी विश्वस्तांच्या दोन बैठकांत बराच खल झाला. एका कुटुंबाने आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ कार-टी उपचारासाठी रक्कम देऊ केली होती. मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्या काळी हा उपचार भारतात नव्हता. त्या रकमेतून एका रुग्णाचा उपचार होईल, कदाचित तोही पुरता होणार नाही. दुसऱ्या बाजूस आपल्याच मराठवाड्यातील एक दाखला विश्वस्तांपुढे होता. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांनी केला. आयुष्यात एकदा केलेल्या पॅपिलोमा विषाणू-तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या विषाणूवरील पुण्यात तयार झालेली देशी लसही जानेवारी २०२३ पासून उपलब्ध आहे. हिशेब मांडला तर कौल उघड होता. पण ज्या आईबापांनी मूल गमावले त्यांच्यापुढे हिशेबाचा कागद ठेवणे आमच्यापैकी कोणासही जमले नाही, हे येथे कबूल करतो.

अखेर त्या कुटुंबानेच मार्ग सुचविला. कार-टीसाठी पात्र ठरतील अशा रुग्णांस ओळखून मुंबईस पाठविणे, तेथील तपासण्या, प्रवास व नातेवाइकांचा निवास यांचा खर्च या निधीतून व्हावा. उपचाराच्या मूळ खर्चासाठी शासकीय व अन्य धर्मादाय साहाय्याचे अर्ज आम्ही भरून द्यावेत. आणि वर्षाअखेर शिल्लक राहील ती रक्कम मुलींच्या लसीकरणाकडे वळवावी. विश्वस्त मंडळाने हे एकमताने मान्य केले. दोन विश्वस्तांनी, निधी दोहोंकडे विभागल्याने कोठेच पुरणार नाही, अशी शंका नोंदविली आहे. ती रास्त आहे आणि पुढील वर्षीच्या अहवालात तिचे उत्तर आकड्यांनिशी द्यावे लागेल.

त्या तरुणाने जमीन विकली नाही. त्याच्या आईस आमच्या वेदनाशमन विभागातून मॉर्फिनच्या गोळ्या मिळत राहिल्या व परिचारिका आठवड्यातून एकदा घरी जात असे. भाद्रपदात, घरीच, त्या गेल्या. दिवाळीनंतर तो औषधांची उरलेली पाकिटे परत करण्यास आला होता. ते पत्रक त्याने आमच्याजवळच ठेवावयास सांगितले. या लेखासाठी आम्ही ते पुनःपुन्हा वाचले.

अशा स्वरूपाचे पत्रक, संदेश अथवा वर्तमानपत्रातील कात्रण कोणाजवळ असेल तर ते निर्णय घेण्यापूर्वी समाजसेवा विभागात अवश्य आणावे. सोबत रुग्णाचे तपासणी-अहवाल व आधीच्या उपचारांचे कागद असावेत. यासाठी कोणतेही शुल्क आकारले जात नाही, आणि रुग्ण अन्य रुग्णालयातील असला तरी चालेल.